सूनबाईंचं ताट

मुलांचा अभ्यास आयांना घरी घेता यावा म्हणून शाळेने दर बुधवारी दुपारी आयांसाठी इंग्रजीचा तास सुरू केला. रेश्माने नाव दिलं तेव्हा तिच्या नवऱ्याने, गोरक्षने, फार खळखळ केली नाही. संस्कृती दुसरीत होती आणि तिच्या वह्यांत काय लिहून येतं ते घरात कुणालाच कळत नव्हतं. "जा," तो म्हणाला, "पन धारंच्या आत घरी पायजे."

काष्टीपासून श्रीगोंद्याच्या अंगाला तीनेक किलोमीटरवर त्यांची वस्ती. लिंबाची बाग, थोडा ऊस, गोठ्यात बारा जर्सी गाई. सासरे रंगनाथ अण्णा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. दरवर्षी सप्ताहाच्या काल्याला अख्ख्या गावाची पंगत त्यांच्याकडून असायची आणि आमटीची बादली हातात घेऊन अण्णा स्वतः वाढायला फिरायचे. "लाजू नका, घ्या आनखी. आमच्या हातून उपाशी कुनी जायचं न्हाई." हे वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं.

रेश्मा नेवाशाकडची, बारावी झालेली. इंग्रजीचा पेपर तिने निबंध पाठ करून काढला होता. वर्गात पहिल्या दिवशी पंधरा बाया आल्या, तिसऱ्या बुधवारी आठ उरल्या. शिकवायला राजनंदिनी मॅडम होत्या. नगरच्या, चोवीस वर्षांच्या, पहिलीच नोकरी. रेश्माशेजारी यशोधरा बसायची. ती बुद्धविहारामागच्या आळीत राहायची, ब्लाउज शिवायची. तिचा करण आणि संस्कृती एकाच वर्गात. यशोधरेला चुकायची लाज नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांत लवकर शिकत होती.

चौथ्या बुधवारी जेवणाचा धडा निघाला. मॅडमनी छापील कागद वाटले. चित्रात टेबलाभोवती चौघं बसलेली, समोर ब्रेड, अंडं, दुधाचा पेला, केळं. ब्रेकफास्ट, लंच, डिनर. एकेकीने उभं राहून म्हणायचं होतं.

"आय ईट ब्रेकफास्ट ॲट एट ओ'क्लॉक. आय ईट ब्रेड अँड एग."

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एका बाईनेही ब्रेड आणि अंडं खाल्लं, आणि वर्ग हसून लोटपोट झाला. यशोधरेने कागद उलटा ठेवला आणि म्हणाली, "आय ईट बोंबील अँड भाकरी. ॲट टेन." पुन्हा हशा. मॅडमना मात्र ते आवडलं.

"बरोबर आहे यशोधराताईंचं. पुस्तकातलं नका सांगू. पुढच्या बुधवारी प्रत्येकीने आपलं खरं सांगायचं. काय खाता, किती वाजता खाता, कुणाबरोबर खाता."

रेश्माला वाटलं, सोपं आहे. घरी आल्यावर वहीत तिने पहिलं वाक्य लिहिलं, "आय ईट ब्रेकफास्ट ॲट" आणि तिथेच थांबली. किती वाजता?

तिला सांगता येईना. पाचला उठून ती शेण काढायची, धारा काढायची. मग संस्कृतीचा डबा, अण्णांचा चहा, अण्णांची न्याहारी, गोरक्षची न्याहारी. सासूबाईंचे, म्हणजे बनुबाईंचे, गुडघे चार वर्षांपूर्वी धरले तेव्हापासून स्वयंपाकघर रेश्माकडे आलं होतं आणि बनुबाई बाहेर पुरुषांबरोबर जेवायला बसायला लागल्या होत्या. लिंबं तोडायला बाया असल्या तर त्यांचा चहा. मधेच दुधाची गाडी. या सगळ्यात ती स्वतः कधी खात होती? खात तर होती, नाहीतर जिवंत कशी राहिली असती?

मग तिने आठवडाभर स्वतःवर नजर ठेवली. एक दिवस पावणेबाराला, ओट्यापाशी उभ्याने, आदल्या रात्रीची भाकरी. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. शेंगोळी केली होती, अण्णांनी तिसऱ्यांदा मागून घेतली आणि पातेल्यात नुसता रस्सा राहिला. एका दिवशी पाहुणे आले, तेव्हा शेंगदाण्याची चटणी आणि तेल. कुणी तिला उपाशी ठेवत नव्हतं. कुणी ताट ओढून घेत नव्हतं. फक्त ती जेवली का, हे आठ दिवसांत एकदाही कुणी विचारलं नाही. नऊ वर्षांत विचारलं होतं का, ते तिला आठवेना. हे तिला याआधी कधी दिसलंच नव्हतं. आता दिसलं आणि दिसतच राहिलं.

बुधवारी तिची पाळी आली तेव्हा मॅडमनी नेहमीसारखा मोबाईल समोर धरला. महिन्यापूर्वी कशा बोलत होतो आणि आता कशा बोलतो, हे बायांना दाखवायला त्या सगळ्यांचं चित्रण करायच्या. रेश्मा उभी राहिली. मराठीत हे सांगायचं असतं तर तिची जीभ उचलली नसती. माहेरी आईजवळसुद्धा ती बोलली नव्हती. पण इंग्रजीतले शब्द तिला परके होते. फळ्यावरचं गणित वाचावं तसे ते वाचता येत होते. गणिताची कसली लाज?

"माय नेम इज रेश्मा," ती म्हणाली. "आय कुक. एव्हरीबडी ईट. देन आय ईट. आय ईट स्टँडिंग. समटाइम्स भाजी इज फिनिश. देन आय ईट चटणी. आय डोन्ट नो व्हॉट टाइम. नोबडी आस्क मी, डिड यू ईट."

मग माळवाल्या बाईने टाळी वाजवली, तिच्या मागोमाग सगळ्यांनी. मॅडमचे डोळे भरून आले होते. "एकही वाक्य पाठ केलेलं नाही," त्या म्हणाल्या, "अशी भाषा यायला हवी."

एकटी यशोधरा टाळ्या वाजवत नव्हती. "मॅडम, हे कुठं टाकू नका हां."

"फक्त शाळेच्या ग्रुपवर टाकते. बाकीच्या आयांना हुरूप येईल."

"ग्रुपवर बी नको."

"अहो, किती छान बोलल्यात त्या!" मॅडम हसल्या. रेश्माही हसली. छान बोललीस असं तिला लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं.

शाळेच्या ग्रुपवरून ते दुसऱ्या ग्रुपवर गेलं, तिथून तिसऱ्या. कुणीतरी खाली लिहिलं, आपल्या तालुक्यातल्या एका माउलीची कहाणी. दुसऱ्याने वस्तीचं नाव घातलं. शुक्रवारी सकाळी रंगनाथ अण्णा दूध संकलन केंद्रावर गेले तेव्हा रांगेतली माणसं बोलता बोलता थांबली. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी केंद्रावरच्या मच्छिंद्रला विचारलं, "काय चाललंय रे मोबाईलमदी?"

"काय न्हाई अण्णा. वहिनी बोलल्यात शाळंत."

"मंग दाखव की. काय बोलली?"

मच्छिंद्रने दाखवलं. अण्णांनी सून इंग्रजी बोलताना पाहिली आणि त्यांची छाती आधी फुगली. "मराठीत सांग," ते मोठ्याने म्हणाले, रांगेला ऐकू जाईल असं. मच्छिंद्र टाळाटाळ करायला लागला, पण अण्णा सोडेनात. मग दुधाच्या किटल्या घेऊन उभ्या असलेल्या वीसेक माणसांसमोर त्याने एकेका वाक्याचं मराठी केलं. भाजी संपते. चटणी खाते. जेवलीस का म्हणून कुणी विचारत नाही.

अण्णा घरी आले. ओरडले नाहीत. दिवसभर बागेत राहिले. तिन्हीसांजेला हातपाय धुऊन ओसरीवर बसले आणि त्यांनी हाक मारली.

"सूनबाई, हात धुऊन या. जेवायला बसा."

रेश्माला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अण्णा, तुमचं वाढते ना. भाकरी झाल्यात."

"आमचं ऱ्हाऊ द्या. आज तुमी आदी."

ओसरीच्या मधोमध पाट मांडला होता. त्याच्यापुढे सप्ताहात महाराजांना वाढतात ते मोठं ताट. बनुबाई गुडघ्यावर हात टेकत टेकत आतून वाढून आणत होत्या. भाकरी, मेथीची भाजी, आमटी, भात, दही, तळलेले पापड, गूळ. अण्णा खुर्चीत. गोरक्ष खांबाला टेकून. संस्कृती त्याच्या पायाशी. कुणाच्याच पुढे ताट नव्हतं.

"बसा," अण्णा म्हणाले. "तुमी जेवल्याबिगर या घरात कुनी घास घेनार न्हाई. लोकांना कळलं पायजे आमी सुनंला उपाशी ठेवत न्हाई ते."

"अण्णा, माझं चुकलं. ते अभ्यासाचं हुतं नुसतं."

"चुकलं कसं? खरं बोलायला सांगितलं हुतं ना मॅडमनी? मंग खरं खा."

गोरक्षने मोबाईल काढला आणि तिच्यासमोर धरला. "खा," तो म्हणाला. "आन् इंग्लिशमदी सांग काय काय खाल्लंस. धाडतो शाळंत."

तिने भाकरीचा तुकडा मोडला. आठ डोळे तिच्या हाताकडे बघत होते. घास तोंडात फिरत राहिला, खाली जाईना. पाण्याने गिळला. संस्कृती म्हणाली, "पप्पा, मला भूक लागली." गोरक्ष म्हणाला, "मम्मीचं झाल्याशिवाय न्हाई बाळा. मम्मीनं सांगितलंय शाळंत." पोरीने आईकडे पाहिलं. त्या बघण्यात राग होता. भुकेल्या मुलाचा असतो तेवढाच, पण होता.

ताट संपेपर्यंत पाऊण तास गेला. काही शिल्लक राहिलं की बनुबाई खालच्या आवाजात म्हणायच्या, "टाकू नको." रिकामं झालं की अण्णा म्हणायचे, "वाढा आनखी. लाजू नका, सूनबाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. दुपारी तेच. संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरची माणसं आली तर त्यांनाही अण्णांनी ओसरीवर बसवून घेतलं. "बघा, आमची सूनबाई कशी जेवती." धारा काढायच्या, शेण काढायचं, भाकरी थापायच्या, मग हात धुऊन पाटावर बसायचं. तिसऱ्या दिवशी तिने ताटावरून उठून मागच्या दारी उलटी केली. तोंड धुऊन आली तेव्हा ताट पुन्हा भरलेलं होतं.

रात्री अंथरुणावर गोरक्ष पाठ करून झोपायचा. चौथ्या दिवशी ती त्याला म्हणाली, "अहो, अण्णांना सांगा ना आता पुरं."

"मला सांगायचं हुतं तवा. गावाला सांगन्याआदी."

"तुम्ही कधी विचारलं?"

तो उठून बसला. त्याने उशी उचलली आणि ओसरीवर जाऊन झोपला.

पाचव्या दिवशी यशोधरा आली. शिवलेले कपडे पोचवायला या बाजूला आले होते, म्हणाली, पण तिच्या हातात कपडे नव्हते. अण्णा बागेत होते. बनुबाई ओसरीवर जप करत होत्या. रेश्मा यशोधरेला पाहून हरखली. बस बस म्हणत ती आत गेली, चहा टाकला आणि बाहेर घेऊन आली.

कागदी कपात.

वरच्या फळीवर ती चवड वेगळी ठेवलेली असायची. बुद्धविहारामागच्या आळीतलं कुणी आलं की कागदी कप. नऊ वर्षांपूर्वी बनुबाईंनी दाखवून दिलं होतं आणि त्यानंतर रेश्माचा हात आपोआप तिथे जायचा. आजही गेला. कप पुढे केल्यावर तिला दिसलं की यशोधरा कपाकडे बघतेय. मग तिने रेश्माकडे पाहिलं. वर्गात एका बाकावर बसून दोघींनी एकीच्याच डब्यातले पोहे खाल्ले होते.

"माझा झालाय चहा," यशोधरा म्हणाली.

"अगं, थांब. मी... दुसरा आणते."

"न्हाई. राहू दे." तिने पिशवी खांद्याला लावली. "तुझं ऐकून मला रडायला आलं हुतं, रेश्मा. घरी जाऊन रडले मी." एवढं बोलून ती गेली. वस्तीच्या फाटकापर्यंत रेश्मा तिच्या मागे गेली नाही. बनुबाईंचा जप चालू होता आणि त्यांच्यासमोर फाटकापर्यंत जायचं रेश्माला जमलं नाही. पुढे शाळेच्या दारात दोघींची गाठ पडायची. यशोधरा मान हलवायची, बोलायची नाही.

शाळेचे मुख्याध्यापक आणि राजनंदिनी मॅडम आले ते दहाव्या दिवशी. मुख्याध्यापकांनी अण्णांच्या हातात नारळ आणि शाल दिली. मॅडमचा चेहरा उतरला होता. व्हिडिओ काढून टाकला आहे, मुख्याध्यापक सांगत होते, झाला प्रकार शाळेला भूषणावह नाही, गैरसमज दूर व्हायला हवा, त्यासाठी ताईंनी दुसरा एक छोटासा व्हिडिओ द्यावा.

अण्णा म्हणाले, "सूनबाई काय म्हनतील ते."

सूनबाईंना कुणी काही विचारलं नाही. मॅडमनी तिला बाजूला गोठ्याजवळ नेलं आणि हातात कागद दिला. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात इंग्रजीत पाच वाक्यं होती, खाली मराठी उच्चार लिहिलेले.

"मला काढून टाकणार होते," मॅडम हळूच म्हणाल्या. "माझी पहिलीच नोकरी आहे, रेश्माताई. मी तुमचं वाईट चिंतलं नव्हतं."

"माहीत आहे."

"एकदा वाचून बघा. 'ईट्स'मधला 'स' नीट म्हणा. मागच्या वेळी तुमचा राहिला होता."

रेश्माने त्यांच्याकडे पाहिलं. मॅडम खरोखरच शिकवत होत्या. दुसरं काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं.

ओसरीवर पाच ताटं मांडली. पहिल्यांदाच सगळे एका ओळीत बसले, रेश्मा मधे. मुख्याध्यापकांनी स्वतः मोबाईल धरला. रेश्मा बोलली, "माय नेम इज रेश्मा. माय फॅमिली ईट्स टुगेदर. माय मदर-इन-लॉ सर्व्हज मी विथ लव्ह. वुई शेअर एव्हरी मील. आय ॲम अ लकी वुमन." एकाही ठिकाणी अडखळली नाही. सगळे 'स' जागच्या जागी होते.

संध्याकाळपर्यंत त्या व्हिडिओखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. घर असावं तर असं. संस्कार. पहिल्या वेळेपेक्षा इंग्रजी किती सुधारलं, असंही कुणीतरी लिहिलं होतं. दूध केंद्रावर मच्छिंद्रला अण्णांनी हाही व्हिडिओ मराठीत करून सांगायला लावला, त्याच रांगेसमोर.

त्या दिवसापासून पाट मांडायचं बंद झालं. मोठं ताट पुन्हा माळ्यावर गेलं. अण्णा आणि गोरक्ष आधीसारखे जेवायला बसायला लागले, बनुबाई त्यांच्याबरोबर. रेश्मा वाढायची. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच तिला सगळ्यांत जास्त चीड आली. बुधवारचा तास शाळेत चालू होता, रेश्मा मात्र आता जात नव्हती. यशोधरा आता मॅडमशी इंग्रजीत बोलते, असं संस्कृतीने घरी येऊन सांगितलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळचे साडेसहा झाले असतील. अण्णा आंघोळीला गेले होते, गोरक्ष गोठ्यात. रेश्माने तव्यावरची पहिली भाकरी निखाऱ्यावर टाकली, ती टम्म फुगली. ती टोपलीत न टाकता तिने ताटलीत घेतली, वर लोणी सोडलं, ठेचा घेतला आणि खायला लागली. काही ठरवलं नव्हतं. आठवडाभर ती असंच करत होती, कुणी न्याहारीला यायच्या आत, पोट भरेपर्यंत.

दारात पायरव झाला. बनुबाई उभ्या होत्या, चौकटीला धरून. रेश्माचा घास तोंडातच राहिला. पण तिने ताटली लपवली नाही.

बनुबाईंनी ताटलीतल्या भाकरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पयली भाकर गोड लागती. मी बी तीच खायचे."

"काय?"

"तुजी आजेसासू देवपूजंला बसायची तवा. चुलीम्होरं. दोन खायचे, कदी तीन. बत्तीस वर्सं. कुनाला कळलं न्हाई." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पन बोलायचे न्हाई मी."

रेश्माने घास गिळला. "मग आत्याबाई, मला का नाही सांगितलं? पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर."

"मला कुनी सांगितलं हुतं?"

"दहा दिवस तुम्ही मला वाढत होतात. ताटात टाकू नको म्हणत होतात. मला उलटी झाली तरी वाढलंत."

गुडघा सांभाळत बनुबाई उंबऱ्यावर बसल्या, आत पाठ आणि बाहेर तोंड करून, न्हाणीकडे नजर लावून. "खाऊन घे लवकर," त्या म्हणाल्या. "पानी वतायचा आवाज येतोय तवर येळ हाय."

रेश्माला कळलं की सासू राखण करतेय. एखादीला या गोष्टीने भरून आलं असतं. तिला नाही आलं. तिने बनुबाईंच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं आणि दुसरी भाकरी ताटलीत घेतली. अर्धी तुम्हाला देऊ का, असं विचारावं हे तिच्या मनात आलं. ते तिने विचारलं नाही. सावकाश, एकेक घास चावून ती खात राहिली.

न्हाणीतला आवाज थांबला. "आलं बग," बनुबाई कुजबुजल्या. रेश्माने ताटली विसळली, तोंड पदराला पुसलं आणि अण्णांच्या न्याहारीसाठी परातीत पीठ घेतलं.